बत्तिसावं कलम

वसंतकाकांचं नाव मी पहिल्याच ओळीत लिहितो आहे, कारण माझ्या थीसिसच्या आभारांच्या पानावर ते पाचव्या ओळीत गेलं. आधी गाईड, मग डिपार्टमेंट, मग फेलोशिप, मग आई-दादा, आणि शेवटी 'घरमालक' म्हणून ते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आभार कसे मानतात हेसुद्धा मी दुसऱ्यांचे थीसिस उघडून शिकलो होतो. आज कोणी विचारलं, तर माझ्या शिक्षणाच्या बाबतीत मी सगळ्यांत जास्त ऋणी वसंतकाकांचा आहे. आणि त्यांनी म्हातारपणी ज्या एका कामासाठी डोळे झिजवले, त्यातलं एक कलम मी बिघडवलं. पंचाऐंशीपैकी एक. ते त्यांना सांगायला मला नऊ वर्षं लागली.

स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात त्यांचं घर कॅम्पसच्या बसच्या शेवटच्या स्टॉपवर, चढावर होतं. तीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यात पूल तपासले. रिटायर झाल्यावरही ग्रोसरी आणायला ते खात्याचं पिवळं चमकणारं जॅकेट घालूनच जायचे. गाडी चालवताना पूल आला की वेग कमी करायचे, मागचे लोक हॉर्न वाजवायचे आणि काका म्हणायचे, “हा अजून वीस वर्षं टिकतो.” कोणाच्याही घरी गेले की भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकायचे. काकू गेल्यानंतर घरातून काहीच ऐकू येईना, म्हणून त्यांनी वरच्या खोल्या मराठी विद्यार्थ्यांना दिल्या, असं ते सांगत.

ऑगस्टमध्ये दोन बॅगा घेऊन मी दारात उभा राहिलो, तर त्यांनी किल्ली दिली नाही. मला नेऊन फ्रिजसमोर उभं केलं.

“वाच. मोठ्यानं. कायदा कानांनी ऐकायचा असतो.”

फ्रिजच्या दारावर चार कागद होते, पेन्सिलीनं लिहिलेले. वर मथळा होता 'निवड'. मी वाचू लागलो. भूक लागली म्हणून दुसऱ्याचं खाल्लं, तर गुन्हा नाही. डब्यात भरून नेलं, तर गुन्हा. कुकरची शिट्टी हरवली आणि त्यापायी कुकर बिघडला, तर शिट्टी हरवणाऱ्यानं कुकर भरून द्यावा. असं बरंच काही. समासात आधीच्या मुलांची अक्षरं होती. पहिल्या कलमाशेजारी कोणीतरी विचारलं होतं, 'भूक कोणी ठरवायची?' खाली काकांचं उत्तर होतं, 'खाणाऱ्यानं. पण खोटं बोलू नये.'

“यातलं काही खोडायचं नाही,” काका म्हणाले. “पटलं नाही तर समासात लिही. आणि हे माझं डोकं नाही हं. हे इस्तंबूलहून आलंय, तेराशे वर्षांपूर्वी.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. माझ्या शेजारी राहणारा नागपूरचा पराग जिन्यावरून ओरडला, “चेष्टा नाही यार ती! काका सीरियस आहेत!”

काका खरंच सीरियस होते. विद्यापीठात म्हाताऱ्या माणसांना वर्गात फुकट बसू देतात. ते रोमन पुलांवरची लेक्चर्स ऐकायला गेले. तिसऱ्या आठवड्यात प्रोफेसर पुलांवरून कायद्यावर गेले आणि काका तिथेच बसून राहिले. मग वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी ग्रीक शिकायला घेतलं. बेसिनच्या वर शब्दांची कार्डं चिकटवलेली असायची. भांडी घासताना ते ग्रीक क्रियापदं पुटपुटत.

ही सगळी गोष्ट मी त्यांच्याकडून पोळ्या लाटताना इतक्या वेळा ऐकली की मला ती माझ्याच गावची वाटते. पश्चिमेकडचं रोम पडलं, तरी पूर्वेला, आज जिथे इस्तंबूल आहे तिथे, ते राज्य जवळजवळ हजार वर्षं चाललं. तिथल्या एका सम्राटानं सगळे जुने कायदे गोळा करून अवाढव्य संग्रह केला. तो बहुतेक लॅटिनमध्ये, आणि लोक बोलणार ग्रीक. दोनेकशे वर्षांनी दुसऱ्या एका सम्राटाच्या लक्षात आलं की लांबच्या प्रांतांत तो कोणाला समजत नाही. त्यानं त्यातलं निवडून, लहानसा, ग्रीक भाषेत कायदा करवून घेतला. त्याचं नावच मुळी 'निवड' असं होतं. त्याच्या प्रस्तावनेत म्हणे लिहिलं होतं की आम्ही कायदा जास्त माणुसकीचा केला.

“म्हणजे काय केलं?” मी विचारलं.

“बऱ्याच ठिकाणी फाशीऐवजी नाक कापायचं ठेवलं.” काका लाटणं थांबवून हसले. “त्या काळी ती माणुसकी. ओला कचरा सुक्यात टाकणाऱ्यासाठी मी ती तरतूद राखून ठेवली आहे. परागला सांग.”

पुढच्या घराण्यानं ती 'निवड' बाजूला सारली आणि साठ भागांचा नवा संग्रह केला. “कायदा फुगतो,” काका म्हणत, “मग कोणीतरी शहाणा तो लहान करतो, मग तो परत फुगतो. आमच्या खात्याच्या मॅन्युअलचंही तेच.” त्या साठ भागांतल्या एकाच गोष्टीवर त्यांचं प्रेम होतं: तिथल्या समासांत जुन्या शिक्षकांच्या टिपा उतरवून ठेवल्या होत्या. त्या शिक्षकांची स्वतःची पुस्तकं पुढे हरवली. त्यांचं म्हणणं उरलं ते फक्त या टिपांमध्ये. “मूळ गेलं, समास राहिला,” असं ते सांगत, आणि कानामागची पेन्सिल चाचपून बघत.

पण त्यांचा जीव अडकला होता तो वेगळ्याच, छोट्याशा कायद्यात. 'निवड'च्याच काळातला शेतकऱ्यांचा कायदा. नेमका कोणी केला कोणाला ठाऊक नाही. पंचाऐंशी कलमं, आणि सगळी बैल, कुत्री, अंजिरं, कुंपणं यांच्याबद्दल. ते त्याचं मराठी करत होते.

“मराठीत कोण वाचणार काका?” परागनं एकदा विचारलंच.

“तुझी काकू,” ते म्हणाले. मग वही मिटून, “ती म्हणायची, दिवसभर ग्रीक पुटपुटता, मला एक अक्षर कळत नाही, मराठीत सांगा. म्हणून सुरू केलं. अकराव्या कलमाला गेली.”

परागनं नंतर कधी तो प्रश्न विचारला नाही.

त्या कामात मी शिरलो तो एका रविवारी सकाळी. काका टेबलाशी वही घेऊन अडले होते. पुण्याच्या पेठेत वाढलेला माणूस. शेत पाहिलेलं ते रस्त्यावरून. त्यांनी वाचून दाखवलं, “'शेजाऱ्याच्या क्षेत्राची सीमारेषा ओलांडून नांगरणी करणाऱ्या शेतकऱ्याने...' कसं वाटतं?”

मी तोवर त्यांच्याशी जपून बोलायचो. तालुक्याच्या शाळेतून आलेला मी. माझे न-ण ऐकून कॉलेजात पोरं हसली होती. इथे सेमिनारला इंग्रजीची भीती आणि घरात पुणेरी मराठीची. पण ते वाक्य ऐकून मला राहवलं नाही.

“काका, त्याला आमच्याकडे बांध कोरला म्हणतात.”

“काय म्हणतात?”

“बांध कोरला. दर वर्षी नांगर एक तास आत घालायचा. तास म्हणजे नांगराची एक ओळ. चार वर्षांत बांध निम्मा.”

ते उठून उभे राहिले. “बांध कोरला! अरे, मी सात शब्द लिहिले, तू दोन!” त्यांनी भिंतीवर पेरानं टकटक केली, जणू काही ती भक्कम निघाली. मग वहीत आपलं वाक्य न खोडता समासात माझे दोन शब्द लिहिले.

त्या दिवसापासून दर रविवारी दहा ते बारा. त्यांनी 'पशुपालक' लिहिलं, मी गुराखी म्हटलं. 'घंटिका' लिहिलं, मी म्हटलं घंटिका देवघरात, बैलाच्या गळ्यात घुंगूरमाळ. 'उत्पन्नाच्या निम्म्या हिश्श्याच्या कराराने' यावर मी नुसतं 'बटईनं' म्हणालो, तेव्हा त्यांनी मला एक संत्रं सोलून दिलं. ज्या शब्दांची मला लाज वाटायची ते शब्द हा माणूस हात पुढे करून मागत होता. सेमिनारला माझा आवाज पहिल्यांदा मागच्या बाकापर्यंत गेला, तो त्या हिवाळ्यात. माझ्या थीसिसचा कच्चा मसुदा त्यांनी वाचला तेव्हा पानोपानी समासात एकच शेरा होता: 'बांध कोर.' म्हणजे, थोडक्यात सांग.

परागचा खटलाही त्याच हिवाळ्यातला. माझ्या आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी त्यानं संपवली. काका ॲप्रन घालून बेसिनपाशी न्यायाला उभे राहिले.

“भूक लागली होती?”

“हो काका.”

“इथेच खाल्लीस?”

परागनं कान खाजवला. मग म्हणाला, “लॅबमध्ये नेली. सगळ्यांना एवढी आवडली ना यार...”

“डब्यात भरून नेली,” काका माझ्याकडे वळून म्हणाले. “मूळ कायद्यात दुसऱ्याच्या मळ्यात खायला गेला तर सोडून द्यायचा, न्यायला गेला तर फटके, आणि अंगातला सदरा काढून घ्यायचा. फटके मी माफ करतो.”

घोटाभर बर्फात पराग टी-शर्ट काढून मेलबॉक्सपर्यंत टपाल आणायला निघाला. तो पाच पावलं गेला असेल नसेल, काका स्वतःचं पिवळं जॅकेट घेऊन मागे धावले. “अरे थांब! न्यूमोनिया होईल! शिक्षा झाली, झाली!” जॅकेटमध्ये गुंडाळलेला पराग परत आला तो हसत, आणि काका घाबरलेले.

माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. समोरचं दिसेना, कडेचं दिसे. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाशेजारी बघत. वाचायला एक मशीन आणलं, त्याच्याखाली कागद धरला की पडद्यावर तीन-चार शब्द मोठे होऊन येत. कधी ओळ सुटायची. एका कलमात तशी ओळ सुटलेली मीच शोधून दिली होती, आणि ते म्हणाले होते, “आता तूच माझा समास.” वहीवरून पक्की प्रत टाईप करायचं काम माझ्याकडे आलं.

बत्तिसावं कलम मी टाईप केलं त्या सकाळी ते घरात नव्हते. मुलगी, मेघनाताई, अ‍ॅशबर्नहून आली होती आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. वहीत लिहिलं होतं: जमीन सामाईक असताना कोणी झाड वाढवलं आणि वाटणीत ती जागा दुसऱ्याकडे गेली, तर झाड ज्यानं वाढवलं त्याचंच. जागेवाल्याला त्याचा त्रास होत असेल, तर त्यानं वाढवणाऱ्याला बदली झाड द्यावं.

मी ते तीनदा वाचलं.

आमच्या रानात, वाटणीच्या आधी, आईनं एक आंबा लावला होता. विहिरीवरून हंडा डोक्यावर घेऊन तीन उन्हाळे पाणी घातलं. वाटणी झाली, नवा बांध पडला, आंबा थोरल्या चुलत्यांकडे गेला. भांडण झालं नाही. झाड ज्याच्या रानात त्याचं, हे सगळ्यांना माहीत होतं, आईलाही. चुलती दर वर्षी पाच आंबे पाठवायची. आई ते आम्हाला कापून द्यायची आणि स्वतः कोयही चोखायची नाही.

मी ठरवलं की काकांची ओळ सुटली आहे. असा कायदा कुठे असतो? मी टाईप केलं: वाटणीत जागा ज्याची, झाड त्याचं. त्या घरात जे करायचं नाही तेच केलं. समासात लिहिलं नाही, विचारलं नाही, मूळ मजकूरच बदलला. काका संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालून आले तेव्हा मी म्हणालो, “चाळीसपर्यंत झालं.” ते माझ्या कानाशेजारी बघून म्हणाले, “शाब्बास.”

कॉपीच्या दुकानातून स्पायरल घालून चाळीस प्रती निघाल्या. मुखपृष्ठावर 'शेतकऱ्यांचा कायदा', खाली 'भाषांतर' म्हणून त्यांचं नाव आणि त्याखाली 'शब्द' असं लिहून माझं. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. त्या घरातलं तिसरं वर्ष संपताना मला मिनेसोटात, ईडन प्रेरीला नोकरी लागली. काकांचं घर विकलं गेलं आणि ते मेघनाताईंकडे राहायला गेले. दिवाळीला फोन, वाढदिवसाला फोन. दर वेळी ते शेवटी विचारायचे, “आणखी काही?” मी म्हणायचो, “नाही काका, सगळं ठीक.” स्टेट कॉलेजच्या त्या चढावरच्या घराची आठवण मला कुकरची शिट्टी झाली तरी येते, पण फोन ठेवला की मला दर वेळी थोडं सुटल्यासारखं वाटायचं.

या हिवाळ्यात आई आमच्याकडे आली होती. बर्फामुळे बाहेर पडता येईना. एका दुपारी ती मेथी निवडत बसली होती आणि करमणूक म्हणून मी तिला ती छापील पुस्तिका वाचून दाखवायला घेतली. आईनं प्रत्येक कलमावर निकाल दिला. घुंगूरमाळ चोरली आणि बैल हरवला तर चोरानं बैल द्यावा; “बरोबर हाय.” भूक लागली म्हणून दुसऱ्याच्या मळ्यातलं खाल्लं तर गुन्हा नाही, “शानी मान्सं व्हती.” मग बत्तिसावं आलं. मी वाचून मोकळा झालो, तेव्हा तिचा हात थांबला होता.

“म्हंजी तिकडं बी असंच व्हय,” ती म्हणाली. “मला वाटायचं आपल्याकडंच.” आणि परत मेथी निवडू लागली.

मी त्याच संध्याकाळी लायब्ररीतून त्या कायद्याचं इंग्रजी भाषांतर मागवलं. काकांची ओळ सुटलेली नव्हती. मग मेघनाताईंना फोन केला.

“बाबांचे बॉक्सेस बेसमेंटमध्ये आहेत. मला मराठी वाचता येत नाही रे, मी सगळं शिप करते.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “काही दिवस ते एकदम क्लिअर असतात. काही दिवस मला आईच्या नावानं हाक मारतात. यू शुड कम सून.”

खोक्यात त्यांची वही होती आणि छापील पुस्तिकेची त्यांची स्वतःची प्रत. त्यांनी ती मशीनखाली धरून, तीन-तीन शब्द करत, पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली होती. समासात पेन्सिलीचं अक्षर वाकडंतिकडं झालेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. बत्तिसाव्या कलमापाशी लिहिलं होतं: 'मुळात उलट आहे. पोराला ठाऊक असावं. विचारू नये. सांगेल.' त्याखाली आणखी फिकट अक्षरात: 'अजून नाही.' आणि त्याखाली, जवळजवळ कागदाबाहेर जाणाऱ्या अक्षरात, परत एकदा: 'अजून नाही.'

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून सगळ्यांत जाड मार्कर आणला. मशीनखाली मावतील अशी छोटी वाक्यं, एका पानावर चार-पाच ओळी, अशी सतरा पानं झाली. ती मी अ‍ॅशबर्नला पाठवली. पत्र हे असं:

तीर्थस्वरूप वसंतकाका,

साष्टांग नमस्कार.

बत्तिसावं कलम मी बदललं. तुमची ओळ सुटली नव्हती. तुमचं बरोबर होतं. मी तुम्हाला विचारलं नाही. नंतर सांगितलंही नाही.

आमच्या आईनं आंबा लावला होता. वाटणीत तो चुलत्यांकडे गेला. जगात दुसरा कायदा असेल, हे मला सोसलं नाही. मग आईचं जे झालं त्याला मी काय म्हणणार होतो? म्हणून मी तुमचा कायदा आमच्या गावासारखा केला.

तुमची प्रत मिळाली. समास वाचला. 'अजून नाही'च्या खाली मी पेन्सिलीनं लिहिलं आहे, 'सांगितलं.' खोडलं काही नाही.

काल आईला फोनवर खरं कलम वाचून दाखवलं. ती गावी परत गेली आहे. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “तुझ्या काकाला सांग, आंबा माझाय. पाडाला आला की या म्हनावं. खायाला आलं तर गुन्हा नसतोय.”

जूनमध्ये मी येतो. दहा ते बारा बसू. पंचाऐंशी कलमं पहिल्यापासून वाचू. मोठ्यानं वाचीन. त्या दिवशी तुम्हाला मी आठवलो नाही, तरी वाचीन.

काका, वरच्या खोल्यांत आम्ही होतो तेव्हा सगळं सामाईक होतं. मग वाटणीत मी मिनेसोटाकडे गेलो. तीन वर्षं पाणी कोणी घातलं, ते मला माहीत आहे. बत्तिसाव्या कलमातलं पुढचं तुम्हाला पाठ आहे.

तुमचा,
वरच्या खोलीतला